बारा औंस

डेल्फिया नोबल दुकानात आली तेव्हा
अंगठ्याच्या बेचक्यात चिकटपट्टी होती.
काउंटरवर तिने रुमाल सोडला,
शिदोरी सोडावी तसा.
आत टायटॅनियमची, पाच घरांची रिव्हॉल्वर.
लेकाने लेक्सिंग्टनहून आणलेली.
"खिशात आहे हे कळतसुद्धा नाही, आई," म्हणाला होता.
"खिशात नाही कळत," ती म्हणाली,
"हातात कळतं."

मी व्हर्लिन. चाळीस वर्षं केंटकीच्या या डोंगरात
लोकांच्या बंदुका उघडतोय,
आणि न विचारता थोडी माणसंही.
तिला म्हटलं, हिशेब साधा आहे,
गोळी जेवढं घेऊन पुढे जाते
तेवढंच देणं मागे राहतं.
जड पोलाद त्यातलं बरंचसं पोटात घालतं.
हलका धातू सगळं जसंच्या तसं
मनगटाच्या नावावर लिहितो.

घोडा झाकलेला, कारण उघडा घोडा
कोटाच्या अस्तरात अडकतो, नेमका नको तेव्हा.
रबराची मूठ हाताला बरी,
पण रबर कापड धरून बसतं.
ही अक्रोडाची अलगद निघते
आणि मग तळव्याची सालं काढते.
नळी आखूड, म्हणून जाळ मोठा.
आखणाऱ्याने कुठे काही वाचवलं
की ते कुणीतरी भरायचं असतं.

ती ऐकत होती, नर्स ऐकते तशी,
चेहरा न हलवता.
रात्री-बेरात्री ओढ्याकाठच्या घरांत जाते,
मरणाऱ्यांच्या उशाशी बसते.
पेटीत मॉर्फिन असतं, आणि ते सगळ्यांना माहीत असतं.
मार्चमध्ये एकाने गाडीची काच फोडली.
जन्मला तेव्हा तिनेच त्याला पुसून घेतलं होतं.

"आणि हे बघ. चार झाडल्या, पाचवीला चक्र फिरेना."
मी भिंगाखाली धरलं.
चार धक्क्यांनी पाचवी गोळी काडतुसातून
तांदळाच्या दाण्याएवढी पुढे सरकलेली,
चौकटीला अडून बसलेली.
फार हलक्या हत्यारांत होतं असं, म्हणालो.
जी सुटली नाही, तिलाही धक्के बसतातच.

त्यावर ती हसली की नाही
मला नीट सांगता येणार नाही.

पेटीच्या तळातून तिने जुना स्प्रिंगचा काटा काढला,
सुईणपण करायची तेव्हाचा.
रुमालाची झोळी करून रिव्हॉल्वर टांगली.
काटा जेमतेम हलला. बारा औंस.
"एवढंसं एक आलं होतं माझ्या हातात,
सत्त्याऐंशी साली, खाणीवरच्या वस्तीत.
उजाडेपर्यंत धरून बसले.
हाताला काही लागत नाही रे, व्हर्लिन. आणि तरी..."
वाक्य तिने तिथेच ठेवलं.

मी कपाटातली पोलादी काढली.
कोपऱ्यांवर निळाई झिजलेली, कुणा हवालदाराच्या बायकोने विकलेली.
बावीस औंस. तिच्यात बेताच्या दारूची काडतुसं घातली.
मागच्या मातीच्या बांधावर तिने पाच झाडल्या.
कागदी ताटलीत तीन भोकं.
हात चोळला तिने, पण पट्टी मागितली नाही.

टायटॅनियमची मी काचेत ठेवलीय.
जो उचलतो तो म्हणतो, अरे, हिला तर वजनच नाही!
मी म्हणतो, मागे चला, पाच झाडून बघा.
बहुतेकांना घाई असते.

रविवारी चर्चमध्ये डेल्फिया माझ्या पुढच्या बाकावर होती.
कोटाची उजवी बाजू उतरलेली.
खिशाला तिने जीनचा तुकडा लावलाय,
टाके बाहेरून दिसतात,
जखम शिवतात तसे,
एकेक गाठ मारून, सुटे सुटे.